अडगळींतलीं औतें



वेळ अमावास्येच्या दिवशीं, जिला आमच्याकडे येळवस म्हणतात, लातूर शहराचे रस्ते ओस पडतात. ज्यांचें शेत आहे ते आपल्या शेतावर आणि ज्यांचें नाहीं ते स्नेह्यांच्या शेतावर जातात. कडब्याच्या खोपींत पूजा होते, भज्जी, उंडे आणि आंबील यांचा यथास्थित समाचार घेतला जातो. नांदेडच्या कांहीं भागांतही हीच रीत आहे. जेवणें आटोपल्यावर शहराकडील मंडळी गोठ्यामागें सहज फेरफटका मारतात, तेव्हां एखाद्या बाभळीखालीं त्यांना एक ढीग दिसतो. त्यांत मोडकी तिफण असते, पास निखळलेला वखर असतो, मातींत अर्धा रुतलेला लोखंडी नांगर असतो, कडबा कापण्याच्या यंत्राचें चाक असतें आणि क्वचित् एखादें ऑइल इंजिनही असतें. मुलें विचारतात, "हें काय आहे?" वडील मंडळींचें उत्तर बहुधा एकाच शब्दांत संपतें: "भंगार."

त्या एका शब्दासंबंधानें आज मला थोडें बोलावयाचें आहे.

भंगार घेणारा गांवोगांव फिरतो तो तराजू घेऊन. त्याच्या लेखीं नांगर आणि फुटकी बादली यांत अंतर असतें तें केवळ किलोंचें. मराठवाड्यांतल्या भंगारास फार दूरचा प्रवासही करावा लागत नाहीं. तें वितळवून इमारतीच्या सळया करणाऱ्या भट्ट्या जालन्यास पुष्कळ आहेत. लोखंड पुन्हां उपयोगास यावें यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु तिफणीचीं लोखंडी टोकें तराजूंत आणि तिचें दिंड चुलींत गेलें, म्हणजे हें औत कसें बांधीत, कोणत्या पिकाला किती अंतर धरीत, हें सांगणारा पुरावाही गेला. तो पुरावा कागदावर फारसा कोणीं लिहून ठेवलेला नाहीं. तो लांकडाच्या खांचेंत आणि लोखंडाच्या झिजेंत आहे.

शेती बदलली हें खरें. ज्वारी आणि कापूस यांची पुष्कळ जागा लातूरकडे सोयाबीननें घेतली, पेरणी ट्रॅक्टरच्या यंत्रानें होऊं लागली आणि दावणीचे बैल कमी झाले. लाल कंधारी आणि देवणी या दोन नामांकित जाति याच दोन जिल्ह्यांतल्या, एक कंधारची व दुसरी देवणीची. माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत अजून त्यांचें कौतुक होतें. पण ज्या काळ्या मातीसाठीं ही जनावरें घडलीं, तिच्यांत आज ट्रॅक्टर फिरतो. मी त्याबद्दल गळा काढणार नाहीं. वैशाखाच्या उन्हांत दिवसभर ज्यानें वखर हांकला आहे, त्याला ट्रॅक्टर किती गोड वाटतो हें विचारून पाहावें! माझें म्हणणें इतकेंच कीं, जें औत निवृत्त झालें त्याला नीट पुसून, ओळखून, शक्य तर चालतें करून ठेवावें. आणि तें कसें करावें याचें एक शास्त्र आहे.

प्रथम आपल्या हातीं काय आहे हें कळलें पाहिजे. तिफण घ्या. एका आडव्या दिंडांत तीन फण बसविलेले, प्रत्येक फणामागें वेळूची एक पोकळ नळी, आणि तिन्ही नळ्या वर एका लांकडी चाड्यांत येऊन मिळालेल्या. पुरुष औत हांकी आणि बाई चाड्यावर मूठ धरी. बोटांच्या फटींतून दाणे इतक्या बेतानें सुटत कीं तिन्ही ओळी सारख्या भरत. इंग्लंडांत जेथ्रो टल यानें १७०१ च्या सुमारास पेरणीचें यंत्र केलें असें आपण शाळेंत शिकतों. परंतु कॅप्टन हॅल्कॉट नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें दक्षिण हिंदुस्थानांतील शेतकरी फणाच्या औतानें ओळींत पेरतात हें पाहून १७९५ सालीं त्याची हकीकत लिहून पाठविली; आणि त्याला जें नवल वाटलें तें आमच्या कुणब्याच्या घरीं पूर्वापार चालत आलेलें होतें. तिफणीच्या दोन फणांतील अंतर हें तिचें खरें मर्म आहे. ज्वारीसाठीं तें साधारण अठरा इंच असतें, आणि पुढें त्या ओळींतून फिरणारें कोळपें त्याच मापाला धरून केलेलें असतें. तिफण आणि कोळपें ही जोडी आहे. तेव्हां एखादा फण मोडला म्हणून हौशी सुतारानें तो चार बोटें सरकवून बसविला, तर औत दिसावयास पुरें होतें, पण त्याचा अर्थ नाहींसा होतो.

लोखंडी नांगराची कथा निराळी. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १८८८ सालीं बेळगांवास सायकलींचें दुकान काढलें. पुढें ते कडबा कापण्याचीं यंत्रें आणि लोखंडी नांगर करूं लागले, आणि १९१० सालीं औंध संस्थानांत, कुंडलजवळच्या माळावर, किर्लोस्करवाडी वसली. लोखंडानें जमीन नासते अशी समजूत त्या वेळीं रूढ होती, आणि पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. साताऱ्याच्या कूपर कारखान्याचेही नांगर आणि इंजिनें निघत. आमचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. तथापि नांगराला सरहद्द अडवीत नाहीं. भारी काळ्या जमिनींत हरळी आणि कुंदा यांचीं मुळें खोल जातात. लांकडी नांगर तेथें वरवर ओरखडे काढी. माती उलटविणारा लोखंडी नांगर जड होता, त्याला दोनदोन, तीनतीन जोड्या लागत. पण तो कुंदा उपटून उन्हांत टाकी, आणि शेवटीं शेतकऱ्याची समजूत या कुंद्यानेंच घातली.

इंजिनांचा काळ त्यामानानें अगदीं अलीकडचा. मोट गेली, विहिरीवर ऑइल इंजिनाची फटफट सुरू झाली आणि वीज येतांच तीही थांबली. मग १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. माळवदाचीं घरें बसलीं, हजारों माणसें गेलीं, आणि उरलेलीं गांवेंच्या गांवें नव्या जागीं नेऊन वसविलीं. त्या नव्या लहान घरांत औतें ठेवण्यासारखी ओसरी नव्हती. इतक्या मोठ्या दुःखांत नांगराची आठवण कोण ठेवील? म्हणून त्या पट्ट्यांत जुनें औत दिसलें तर तें अधिकच जपावें असें मला वाटतें.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. पहिली गोष्ट म्हणजे पाणी, ब्रश किंवा हातोडा यांपैकीं कांहींच हातीं न घेतां तें औत सर्व बाजूंनीं पाहावें. भ्रमणध्वनीवर छायाचित्रें घ्यावीं. तो यंत्रणेचा उपयोग तरी सत्कार्यास होईल. बिडाच्या भागावर (येथें बीड म्हणजे जिल्हा नव्हे, ओतीव लोखंड) कारखान्याचें नांव आणि क्रमांक उठावाच्या अक्षरांत असतात. त्यांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरविली म्हणजे डोळ्यांस न दिसणारें अक्षरही उमटतें. लहानपणीं नाण्यांचे ठसे आपण असेच काढीत होतों. यानंतर गांवांतला वयोवृद्ध लोहार, सुतार आणि चाड्यावर मूठ धरलेली एखादी आजी यांना गांठावें. वखराची पास ज्या कड्यांनीं जानोळ्यांस आवळतात त्यांना वसू म्हणतात, हें मला एका पुस्तकानें सांगितलें नाहीं; एका लोहारानें सांगितलें. बलुतें संपलें, भाते थंडावले, आणि ही शब्दसंपत्ति फार थोड्या लोकांच्या तोंडीं उरली आहे. लोखंड आणखी वीस वर्षें वाट पाहील. हे लोक पाहूं शकणार नाहींत.

मग माती काढावी. काळी माती वाळली म्हणजे दगडासारखी होते आणि ओल धरून ठेवते; गंज तिच्याखालींच सर्वांत अधिक असतो. ती लांकडी चमच्यानें किंवा वेळूच्या कांबीनें खरवडावी, लोखंडी पट्टीनें नव्हे. जेथें जुनें काळें वंगण थापलेलें असेल तेथें आनंद मानावा, कारण त्याखालचें लोखंड बहुधा शाबूत सांपडतें. वंगण रॉकेलनें सुटतें. रॉकेल आतां सहजासहजीं मिळत नाहीं, तेव्हां डिझेल चालेल. काम मोकळ्या हवेंत करावें आणि जवळ विडी ओढूं नये हें सांगणें नकोच.

गंज म्हणजे काय? लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु यांच्या संयोगानें झालेला तो एक नवा पदार्थ होय. मूळ लोखंडापेक्षां तो कितीतरी अधिक जागा व्यापतो. बोल्टाच्या आट्यांत तो फुगतो, म्हणून चाकी हलत नाहीं. पत्र्यावर तो पापुद्र्यांनीं सुटतो, म्हणून खालचें नवें लोखंड पुन्हां उघडें पडतें. सुटा गंज तारेच्या ब्रशानें निघतो. जो उरतो त्यासाठीं पुष्कळ लोक संडास धुण्याचें आम्ल ओततात. हा उपाय माझ्या मतें रोगापेक्षां वाईट आहे. आम्ल गंजाबरोबर चांगलें लोखंडही खातें, बिडाच्या सूक्ष्म छिद्रांत लपून बसतें आणि आठवड्याभरांत तेथूनच नवा गंज बाहेर येतो.

त्यापेक्षां आपल्याकडे काकवी आहे. उसाच्या मुलखांत ती दुर्मिळ नाहीं. साखर कारखान्याची मळी मिळाली तर तीही चालते. एक भाग काकवी किंवा मळी आणि नऊ-दहा भाग पाणी असें मिश्रण पिंपांत करून त्यांत फाळ, साखळ्या, बोल्ट बुडवून ठेवावे. तिच्यांतील द्रव्यें गंजाला धरून हळूहळू विरघळवितात आणि निरोगी लोखंडाला फारसा धक्का लावीत नाहींत. आठवडा-पंधरवडा लागतो. वास उग्र सुटतो, फेस येतो आणि घरांतून तक्रारी होतात. त्या सहन कराव्या. मात्र ॲल्युमिनियमचा किंवा जस्ताचा मुलामा दिलेला भाग त्यांत टाकूं नये, आणि पातळ बिडाचा तुकडा विसरून महिनोन् महिने ठेवूं नये. बाहेर काढतांच धुवावें, तत्काळ उन्हांत तापवून कोरडें करावें आणि तेल लावावें. तासाभराच्या आळसानेंही तांबूस झांक परत येते.

ज्यांना विजेची थोडी माहिती आहे ते धुण्याच्या सोड्याच्या पाण्यांत गंजका भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकास आणि टाकाऊ लोखंडाचा पत्रा धन टोकास जोडून हेंच काम एका दिवसांत करतात. त्यांत ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो, म्हणून तें बंद खोलींत करूं नये. आणि धन टोकास स्टेनलेस स्टील कधींही लावूं नये, त्यांतून क्रोमियमचीं विषारी द्रव्यें पाण्यांत उतरतात.

सगळा गंज काढलाच पाहिजे असें मात्र नाहीं. जेथें तो घट्ट, तपकिरी आणि पातळ आहे तेथें संग्रहालयांतील जाणकार टॅनिक आम्लाचा हात देतात. गंजाचें रूपांतर निळसर काळ्या थरांत होतें आणि तो थर खालच्या लोखंडाचें कांहीं अंशीं रक्षण करतो. हेंच द्रव्य हिरड्यांत आणि बाभळीच्या सालींत आहे. आमच्या पूर्वजांची काळी शाई हिरडा आणि लोखंडाचा क्षार यांच्याच संयोगानें होत असे. म्हणजे पंतोजींची दौत आणि नांगराचा फाळ यांचें रसायन एकच!

आंखडलेल्या चाकीशीं कुस्ती खेळूं नये. तेल सोडावें, रात्रभर थांबावें, सकाळीं हलक्या हातानें ठोकावें, पुन्हां तेल सोडावें. तरीही न सुटली तर चाकी तापवावी. ती बोल्टापेक्षां अगोदर फुगते आणि पकड ढिली होते. तापविण्यापूर्वीं तेल पुसलेलें असावें. येथें एक ऐतिहासिक अडचण आहे. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालीं झाला. त्यापूर्वींच्या इंग्रजी धर्तीच्या यंत्रांवर व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं ठरविलेले आटे असत. त्यांचा कोन ५५ अंशांचा, तर आजच्या मेट्रिक आट्यांचा ६०. नवा पाना जुन्या चाकीवर बसल्यासारखा वाटतो, फिरतो आणि तिचे कोपरे गोल करून टाकतो. नवा बोल्टही दोन फेरे जातो आणि अडतो; जोर केला तर बिडांतले आटे कायमचे फाटतात. म्हणून प्रत्येक बोल्ट ज्या भोंकांतून निघाला त्याच्या नांवाची चिठ्ठी बांधून डब्यांत ठेवावा.

बीड आणि पोलाद यांतला भेद ओळखणें हें याहूनही महत्त्वाचें. पोलाद वांकतें, बीड तडकतें. वांकलेला फाळ लोहार तापवून सरळ करील. पण बिडाच्या चाकावर घण बसला कीं दोन तुकडे झालेच. तडकलेलें बीड जोडतां येतें, परंतु तो भाग आधीं चांगला तापवून, निकेलच्या कांडीनें थोडेंथोडें जोडून, राखेंत पुरून हळूहळू थंड करावा लागतो. रस्त्याकडेच्या वेल्डिंगवाल्यानें घाईनें ओढलेली रेघ शेजारीं नवी चीर पाडते. चांगला कारागीर मिळत नसेल तर तडा तसाच राहूं द्यावा.

कडबा कापण्याच्या यंत्राविषयीं एकच सूचना, पण ती सक्त आहे. चाकाचीं दोन्ही पातीं प्रथम उतरवावीं आणि चाक दोरीनें बांधावें, मगच बाकीच्या कामास हात घालावा. तेल लागल्याबरोबर तें जड चाक आपल्या वजनानेंच फिरतें, आणि पात्याची धार चाळीस वर्षांनींही बोट ओळखते.

लांकडाचें काम शांत आहे. बाभळीचें दिंड कठीण असतें, पण जमिनीस टेकलेलें टोक वाळवीनें पोखरलेलें निघतें. ठोकून पाहावें, आवाज भद्द आला तर आंत पोकळी आहे. सडका भाग तेवढाच कापून त्याच जातीच्या वाळलेल्या लांकडाचा सांधा द्यावा. नंतर जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावे, प्रत्येक वेळीं जादा तेल पुसून. जवस आमच्याकडे चटणीसाठीं प्रसिद्ध आहे. त्याचें तेल हवेंत सुकून घट्ट होतें, म्हणून लांकडाला तें मानवतें. परंतु सुकतांना तें उष्णता सोडतें, आणि त्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यांत टाकला तर तो आपोआप पेटूं शकतो. चिंध्या मोकळ्यावर पसरून वाळवाव्या. चाड्याची कड हातांच्या वावरानें गुळगुळीत झालेली असते. तिच्यावर पॉलिश-कागद फिरविणें मला सहन होत नाहीं. अनेक पेरण्यांची ती सही आहे.

हमरस्त्यावरील एका भोजनालयाच्या दारांत मीं एक तिफण पाहिली. तिला लाल-पिवळा तैलरंग फांसला होता, चाड्यांत प्लास्टिकचीं फुलें खोंचलीं होतीं आणि एक नळी उलटी बसविली होती. लोक तिच्याजवळ उभे राहून छायाचित्रें काढीत होते. भंगारांत जाण्यापेक्षां हें बरें, असें म्हणतां येईल. मी म्हणणार नाहीं. रंग द्यावयाचाच असेल तर इंजिनाला द्यावा, कारण तें कारखान्यांतून रंगूनच येतें. बोल्टाच्या चकतीखालीं मूळ रंगाचा तुकडा सांपडतो, तो जुळवावा. मात्र जुना रंग कोरडा घासूं नये. पूर्वीं लोखंडावर पहिला हात शेंदराचा देत, आणि शेंदूर म्हणजे शिशाचें ऑक्साइड. ओला करून खरवडावा, नाकाला फडकें बांधावें आणि मुलांना दूर ठेवावें.

इंजिन चालू करण्याचा मोह सर्वांनाच होतो. जाम बसलेला दट्ट्या हातोड्यानें कधींही ठोकूं नये. इंजेक्टरच्या भोंकांतून डिझेल व इंजिन-तेल यांचें मिश्रण सोडून कांहीं दिवस मुरूं द्यावें आणि जड चाक हातानें थोडें पुढें, थोडें मागें झुलवावें. एके दिवशीं तें केसभर हलतें, मग बोटभर, मग फिरतें. इंधनाची टाकी आणि नळ्या धुवाव्या, पाण्याच्या जागेंत सांचलेला चुना काढावा. इंजेक्टरची फवार तपासतांना हात समोर धरूं नये. ती धार कातडींत शिरते आणि त्यावर तातडीनें शस्त्रक्रिया करावी लागते. सर्वांत शेवटीं वेगनियंत्रक, ज्याला गव्हर्नर म्हणतात, तो मोकळा हलतो कीं नाहीं हें पाहावें. तो गंजून अडकला असेल तर इंजिन वेग वाढवीतच जातें, आणि तडा गेलेलें बिडाचें चाक त्या वेगांत फुटलें तर भिंतही पुरत नाहीं. म्हणून पहिल्या वेळीं इंधनाची तोटी बंद करणारा एक मनुष्य तोटीपाशींच उभा असावा, हवेचें तोंड झांकण्यास एक फळी हाताशीं असावी, आणि बाकीच्या मंडळींनीं चाकाच्या रेषेंत न राहतां बाजूस उभें राहावें.

परभणीच्या कृषि विद्यापीठांत, जें १९७२ सालीं स्थापन झालें, बैलशक्तीवर चालणाऱ्या सुधारलेल्या अवजारांवर संशोधन होत आलेलें आहे. ज्यांना जुनें औत केवळ जपावयाचें नसून थोड्या शेतांत वापरावयाचेंही आहे, त्यांनीं तेथें विचारपूस करावी. दुरुस्त केलेली तिफण ओळीचें अंतर बरोबर धरते कीं नाहीं, हें तर शेतांत चार पावलें हांकल्यावांचून कळतच नाहीं.

ठेवणीचें सांगतों. औत जमिनीवर न टेकतां विटांवर किंवा लांकडी ठोकळ्यांवर ठेवावें. प्लास्टिकच्या कागदांत गुंडाळूं नये. रात्रीच्या गारव्यानें आंत दंव धरतें आणि उघड्यापेक्षां लौकर गंज चढतो. सुती चादर पुरे. घांसलेल्या लोखंडावर वंगण किंवा मेणाचा पातळ थर असावा. खंडेनवमीला हत्यारें पुसून पुजण्याची रीत आपल्याकडे आहेच. ती नेमकी पावसाळ्याच्या अखेरीस येते, म्हणजे वर्षांतल्या ओलीचें काम संपतें तेव्हां. त्या दिवशीं गंधफूल वाहण्यापूर्वीं फाळ आणि पास उजेडांत धरून पाहावी, तांबूस ठिपका दिसेल तेथें लगेच घासावें, आणि तेलाचा हात फिरवून मग हळदकुंकू लावावें.